मैनांबेचा पाचवा अंक

रविवार, २५ नोव्हेंबर १९६२
मांबलम, मद्रास

आज आमच्या मराठी मंडळाची बैठक नारायणस्वामी रावांकडे झाली. चीन सरहद्दीवरच्या तोफा थांबल्या, पण संरक्षण निधीच्या पेट्या गल्लोगल्ली फिरताहेत. आपणही एक मराठी नाटक करावं आणि उत्पन्न निधीला द्यावं, असं ठरलं. कुठलं नाटक, हा प्रश्न निघाला तेव्हा मी पदर सावरून बसले. इथे तरी खोटं कशाला लिहू? गेली सात वर्षं मी पद्य शोकांतिकांवर प्रबंध लिहिते आहे. एकटं माणूस केवळ स्वतःच्या इच्छाशक्तीवर राजसत्तेसमोर उभं राहतं, मोडतं, पण वाकत नाही, हा माझा विषय. मद्रासेतल्या मराठी माणसांत हे दुसऱ्या कुणाला कळत असेल तर दाखवावं. ‘मी एक पद्यनाटक लिहिणार आहे’ असं मंडळात मी बोललेही होते.

तेवढ्यात वसंता म्हणाली, “मजजवळ एक नाटक आहे. माझंच.”

ही वसंता तांबरमच्या आमच्या कॉलेजात, माझ्याच इंग्रजी विभागात, दोन वर्षांपूर्वी लागली. तंजावरच्या जुन्या मराठी घरातली. तिरुवल्लिकेणीला आईबरोबर राहते. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, मला अक्का म्हणते. घरात हे लोक पिढ्यान्‌पिढ्या जपलेली मराठी बोलतात, उंबऱ्याबाहेर तमिळ. तिनं पहिला प्रवेश वाचला. कुणी हाललं नाही. कवितेचं नाव काढताच जांभई देणारे विद्याधर ताठ बसून ऐकत होते. (तोंडावर ‘अहो’, वहीत विद्याधर. एवढी मोकळीक मला असू दे.)

बसस्टॉपवर ते म्हणाले, “काय भाषा आहे!”

“जुनाट आहे,” मी म्हटलं.

“तेच तर!”


२ डिसेंबर

वसंताला देवनागरी वाचता येते, पण लिहिण्याचा सराव नाही. सगळं नाटक तिनं तमिळ अक्षरांत लिहिलंय! मराठी शब्द, तमिळ लिपी. ‘क’, ‘ख’, ‘ग’ सगळ्यांना एकच अक्षर. ते तिच्याशिवाय कुणाला लागणार? म्हणून तिनं वाचायचं आणि मी देवनागरीत उतरवायचं, असं मंडळानं ठरवलं. सात वर्षं शोकांतिकेचा अभ्यास करून मी अखेर लेखनिक झाले.

नाटकाचं नाव ‘मैनांबा’, नायिकेचंच. मोठ्या तलावाच्या दारांची राखण तिच्या घराण्याकडे आहे. दारं कशी उघडायची ते त्या घराण्यापलीकडे कुणाला ठाऊक नाही. शत्रूची छावणी खालच्या रानात पडते. राजा हुकूम देतो, दारं उघड, शत्रू बुडू दे. पण त्याच रानात राजाची स्वतःची गावं आहेत, तीही बुडणार. मैनांबा नाही म्हणते. राजा मानपान देऊ करतो, मग धमक्या, मग तिच्या भावाला पकडतो. ती नाहीच म्हणते. पाचव्या अंकात राजा तिला मारतो, आणि तलाव जागच्या जागी राहतो.

आज पाचव्या अंकापर्यंत आलो. मैनांबा राजाला म्हणते,

तुझ्या हुकुमाला, राजा, हजार हात लागती,
माझ्या ‘नाही’ला मी एकली पुरतें.

माझी लेखणी थांबली. वसंताला वाटलं, मला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा ऐकणं जास्त वाईट होतं.

भवानीअम्मा, म्हणजे तिची आई, कापी घेऊन आल्या. कॉफी उत्तम होती. मी अर्धी ठेवली.


५ डिसेंबर

उतरवून घेताना मी चार-पाच ठिकाणी शब्द सुधारले. ‘एकली’चं ‘एकाकी’ केलं, वगैरे. वसंतानं पानं चाळली आणि नेमकी तीच ठिकाणं बोटानं दाखवली.

“अक्का, हें माझं नव्हे कीं.”

रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसली.


१४ डिसेंबर

माझे मार्गदर्शक वेंकटरमण सर यांनी प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत दिलं. मांडणी निर्दोष आहे म्हणाले. मग चष्मा पुसत, “पण वाचताना असं वाटतं, की सत्तेपुढे उभं राहिलेलं माणूस तुम्ही काचेतून पाहिलंय.” आणि लगेच, “ती वसंता काही लिहिते म्हणे? मराठी मला येत नाही, पण काल तिनं स्टाफरूममध्ये थोडं म्हणून दाखवलं. अर्थ न कळताही अंगावर काटा आला.”

परतीच्या गाडीत वसंता शेजारी येऊन बसली. तिनं मला शेंगदाण्याची पुडी दिली. मी खाल्ले. ताकदवान माणसाला दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही म्हणतात. ताकद कसली आलीय, हिला नशीब मात्र आहे.


२३ डिसेंबर

नाटक बसवण्याचं काम विद्याधरांकडे आलं आहे. पुण्यात त्यांनी कॉलेजात असताना दोन एकांकिका बसवल्या होत्या, ते इतकी वर्षं मला कधी महत्त्वाचं वाटलं नव्हतं. पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातून दमून येतात, तोंड धुतात आणि निघतात तिरुवल्लिकेणीला. मीही जाते. न जाऊन कसं चालेल?

राजाचं काम नारायणस्वामी राव करतात. सरकारी हिशेब कचेरीत अधीक्षक आहेत, आवाज भरदार आहे, पण हुकूम सोडताना रजेचा अर्ज नामंजूर केल्यासारखे बोलतात. मैनांबा खुद्द वसंता.

तालीम संपल्यावर सगळे मरीनाच्या किनाऱ्यावर गेलो. पुढे विद्याधर आणि वसंता, मागे मी आणि भवानीअम्मा. भवानीअम्मा मला रसममध्ये मिरं कधी घालायचं ते सांगत होत्या. पुढून वाऱ्यावर तुटक शब्द येत होते. ‘पाचवा अंक’, ‘श्वास’, ‘तिनं मागं वळूं नये’. एकदा दोघं थांबून वाळूत रेघा ओढू लागले. जाऊन पाहिलं तर रंगमंचाचा नकाशा. राजा इथे, मैनांबा इथे.

“आणि मी कुठे?” मी हसत विचारलं.

विद्याधर म्हणाले, “तू प्रेक्षकांत. कुणीतरी जाणकार समोर हवं ना!”

चांगल्या अर्थानंच म्हणाले.


१० जानेवारी १९६३

आज नारायणस्वामी राव घरी आले, एकटेच. विद्याधर कारखान्यात होते. बराच वेळ हवापाण्याचं बोलून मग मूळ मुद्द्यावर आले. नाटकाची संहिता आधी पोलीस कचेरीत दाखवावी लागते. तसा कायदाच आहे. त्यात आणीबाणी, आणि मंडळातले निम्मे लोक सरकारी नोकर.

“बाई, तुम्ही या विषयातल्या विद्वान. हें नाटक तुम्ही अक्षर न्‌ अक्षर लिहून काढलंत. तुम्हीच सांगा, यांत आक्षेप घेण्यासारखं कांही आहे काय?”

‘काही नाही’ म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मत विचारल्यावर मत द्यायला नको का? मी म्हटलं, पहिले चार अंक ठीक आहेत. पाचवा रचनेच्या दृष्टीनं सैल आहे. शिवाय युद्धकाळात राजाचा हुकूम एक बाई मोडते आणि नाटककार तिची बाजू घेतो. ऐन संरक्षण निधीच्या प्रयोगात. कुणी वाकडा अर्थ काढलाच तर?

त्यांचा चेहरा उतरला. “कुणी काढील म्हणतां?”

“मी काढत नाही हो. पण काढता येतो.”

ते गेल्यावर मला फार हलकं वाटलं. मी खरं तेच बोलले. पाचवा अंक थोडा सैल आहेच.


२० जानेवारी

मंडळानं ठरवलं, शेवट बदलायचा. मैनांबेला अखेर राजाचं म्हणणं पटतं, ती स्वतःच्या हातानं दारं उघडते आणि देशासाठी गावासकट बुडते. म्हणजे शोकांतिकाही राहते आणि कुणाचा आक्षेपही नाही. नवा शेवट कुणी लिहायचा? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वसंता आजच्या बैठकीला नव्हती. तिला बोलावलं नव्हतं, असं मागाहून कळलं.

मी लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा सलग पद्य लिहिलं. जेवायचंही भान राहिलं नाही. त्यातली एक ओळ मला फार आवडली. मैनांबा राजाला नमून म्हणते, ‘मी थेंब, तू समुद्र, थेंबाला मत कसलें?’

विद्याधरांना वाचायला दिलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, कागद नीट घडी घालून परत केला. “छान आहे,” म्हणाले. उपम्याला म्हणतात तसं.


२७ जानेवारी

वसंताला आज सांगितलं. नारायणस्वामी रावांनीच सांगितलं. मी बाजूला होते. माझे कागद तिच्या पुढ्यात ठेवले. तिनं ते वाचले. मान वर केली आणि म्हणाली,

“नाही.”

“अम्मा, ऐकून घे,” राव तिला म्हणाले. (मुलीलाही इथे अम्मा म्हणतात.) “नाटक वाईट म्हणून कोण म्हणतो? पण वेळ युद्धाची आहे.”

“वेळ नेहमी राजाचीच असते, मामा.”

“मग मंडळाचा प्रयोग होणें नाही. सभागृह मिळणें नाही. आणि राजाचं काम मी करणें नाही.”

“परवाइल्लै, मामा. मी दुसरीकडे करीन. पोलीस कचेरीत मीच घेऊन जातें. एक ओळसुद्धा काढणें नाही.”

‘परवाइल्लै’ म्हणजे काही हरकत नाही. शेजारणीनं साखर संपली म्हटल्यावर म्हणावं, तशा आवाजात म्हणाली. एवढी सत्तावीस वर्षांची पोरगी! रंगमंचावर नायिका, आणि खाली उतरल्यावरही नायिकाच. हे असं जगता येतं? मी या वृत्तीवर सात वर्षं टिपणं काढते आहे आणि कॉलेजात साधी वेळापत्रकाची तक्रार करायची तर दोन रात्री झोप येत नाही.

घरी भांडण झालं. विद्याधर म्हणाले, मी नाटक सोडणार नाही.

“अहो, सरकारी नोकरी आहे तुमची!”

“नाटक केलं म्हणून कुणी काढत नाही, नंदा.”

“तिच्यासाठी एवढं करताय?”

“नाटकासाठी,” म्हणाले.

माझा विश्वास बसला नाही. अजून बसत नाही.


६ फेब्रुवारी

वसंता एग्मोरला पोलीस कचेरीत जाऊन आली. विद्याधर रजा काढून बरोबर गेले होते. रजा काढून! माझ्या बहिणीच्या लग्नाला मिळाली नव्हती ती रजा.

त्यांनीच सगळं सांगितलं. अधिकारी तमिळ, पन्नाशीचा, अतिशय सभ्य. मराठी त्याला येत नव्हती, पण वसंताची वही तमिळ अक्षरांत! त्यानं स्वतः एक पान मोठ्यानं वाचून पाहिलं, हसला, मग अर्थ विचारला. वसंतानं पाची अंक तमिळमध्ये सांगितले, काही न गाळता. पाचवा अंक तर उभं राहून म्हणून दाखवला. कारकून दारात जमले. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, “राजाला मागाहून पश्चात्ताप होतो का?”

ती म्हणाली, “नाही.”

“बरोबर आहे. होत नाही,” तो म्हणाला आणि परवानगी दिली. एक ओळ कापली नाही.

सांगताना विद्याधर उत्साहात होते. मग एकदम थांबून म्हणाले, “गंमत आहे नाही? सरकारला काहीच आक्षेपार्ह वाटलं नाही. मग मुळात हा आक्षेप काढला कुणी?”

मी म्हटलं, “राव भित्रे आहेत.”

“हं,” म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडलं. वर्तमानपत्र सकाळचंच होतं.


१२ फेब्रुवारी

आज जे झालं त्याची कल्पनाही केली नव्हती. वसंता घरी आली, मोगऱ्याचा गजरा घेऊन. म्हणाली, “अक्का, राजाचं काम तुम्ही करा.”

मी हसले. ती हसली नाही. तिनं राजाची राजमाता करायची ठरवली आहे. राजा लहान, कारभार आईच्या हाती. शब्द फारसे बदलायचे नाहीत.

“मीच का?”

“पाचवा अंक तुमच्याइतका कुणास ठाऊक नाही. मामांनी सांगितलं मज.”

“काय सांगितलं?”

“तुम्ही तो किती बारकाईनं वाचला, तें.” तिच्या चेहऱ्यावर मी शोधलं. काही सापडलं नाही. “मामा राजा करीत, त्यांत एक उणें होतें. त्यांचा राजा नुसता रागावे. मज तसा नको. त्याच्याजवळ सैन्य आहे, खजिना आहे. मैनांबेजवळ जें आहे तें मात्र नाही. त्याचा त्याला हेवा वाटतो, अक्का. म्हणून तो तिला सोडूं शकत नाही. हें करायला समजणारं माणूस होणा.”

(तिच्या मराठीत ‘होणा’ म्हणजे ‘हवं’.) शेवटी तिलाही मान्य करावं लागलं, की समजणारं माणूस लागतं! मी हो म्हटलं. वेंकटरमण सरांना बोलवायला हवं.


२० फेब्रुवारी

तालमी चालू आहेत. प्रयोग तिरुवल्लिकेणीतल्याच एका लग्नाच्या छत्रात, म्हणजे कार्यालयात, पटांगणात मंडप घालून. मला सगळं पाठ आहे. विद्याधर मला काहीही सुचवत नाहीत. इतरांना सारखं थांबवतात, मला नाही. एकदा फक्त म्हणाले, “तू अशी बघतेस तिच्याकडे, ते आहे तसं ठेव.”

आज वसंतानं विचारलं, “अक्का, तुमच्या त्या शेवटांतली एक ओळ मज आवडते. घेऊं?”

मला हर्ष झाला. तीच थेंबाची ओळ! ती मैनांबेच्या तोंडून काढून राजमातेला दिली. ‘तू थेंब, मी समुद्र, थेंबाला मत कसलें?’ म्हणून पाहिलं. छातीतून आवाज आला. सगळे गप्प झाले. माझी ओळ, मीच म्हटली, आणि सगळे गप्प झाले!

वसंता पुढे आली. मग तिथल्या तिथे, कागद नाही की पेन नाही,

समुद्र कुणी प्याला, राजमाते?
तहान लागतां थेंबच मागती.

विद्याधरांनी मांडीवर थाप मारली. “लिहून घ्या कुणीतरी!”

कुणीतरी म्हणजे मीच. घेतलं लिहून. माझ्या ओळीला तासभरही राज्य करू दिलं नाही हिनं.


सोमवार, ४ मार्च

काल प्रयोग झाला. कॉलेजला आज जाववलं नाही. आठवतं तसं लिहिते.

मंडप भरला होता. नारायणस्वामी राव आले होते, मागच्या रांगेत, कडेला, पटकन उठता येईल असे. वेंकटरमण सर पुढे होते. पहिले चार अंक कधी झाले कळलं नाही. मी सिंहासनावर बसले की लोक खुर्चीत मागे सरकायचे, ते मला वरून दिसत होतं. सुख असतं त्यात. ते मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

पाचव्या अंकात मैनांबेला हात बांधून आणलं. शिपायाचं काम करणारा बँकेतला जनकोजी इतका रंगला होता, की त्यानं खोटी गाठ मारायची ती खरीच मारली. वसंताच्या मनगटावर सुंभाचा दोर रुतलेला मला जवळून दिसला. तिनं हूं की चूं केलं नाही. तिची ती ‘नाही’ची ओळ आली. मंडपात कुणाचं तरी मूल रडत होतं, तेही थांबलं.

आता मी ‘घेऊन जा हिला’ म्हणायचं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. घामानं कुंकू ओघळलं होतं, हात बांधलेले, थोड्या वेळानं मरायचं होतं. आणि त्या क्षणी मी सिंहासन, मुकुट, सगळं टाकून तिथे उभं राहायला तयार होते. तिच्या जागी. फक्त तेवढ्या जागेवर. मला ते मिळणार नव्हतं. हे कळून मी म्हटलं, “घेऊन जा हिला.” आवाज माझा नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं मला तमिळमध्ये चक्क शिवी दिली.

तिला नेलं. मी एकटी सिंहासनावर उरले. इथे पडदा पडायचा. दोरी अडकली आणि पडदा अर्ध्यात लोंबकळत राहिला. दिवे तसेच. माझ्याजवळ आता एकही वाक्य नव्हतं. लोक माझ्याकडे बघत होते, मी लोकांकडे. उठावं तर राजमाता कशी उठेल? विंगेत विद्याधर पडदा ओढत होते. टाळ्या सुरू होईनात. किती वेळ गेला देव जाणे.

तेव्हा वसंता परत आली. मेलेली मैनांबा सरळ चालत आली, सिंहासनाच्या पायरीवर बसली आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले. अगदी हळू म्हणाली, “अक्का, सोडवा. दुखतें आहे.”

मी खाली वाकले. गाठ सुटेना. नखं लागेनात. मुकुट घरंगळून पडला. शेवटी मी गुडघ्यावर बसले आणि दातांनी ओढली. दोराला मातीची चव होती. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे हे. गाठ सुटली.

मग टाळ्या सुरू झाल्या. लोक उठून उभे राहिले. मागे कडेला नारायणस्वामी रावही उभे होते, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत. वसंतानं मनगटं चोळली, मला दंडाला धरून उठवलं आणि लोकांसमोर हात जोडले.

मलाही हात जोडायचे होते. पण दोर माझ्या हातात होता, आणि तो कुठे ठेवावा ते सुचेना.